पाठ आणि एक्स-रे: राजकन्या युजेनीच्या स्कोलिओसिस शस्त्रक्रियेचा प्रकरण अभ्यास

रुग्ण मुलगी, वय १२. निदान स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेला. उपचार शस्त्रक्रिया, वर्ष २००२. ठिकाण लंडनच्या उत्तर टोकाचं स्टॅनमोर, तिथलं रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल. ऑपरेशन आठ तास चाललं. कण्याच्या दोन्ही अंगांना टायटॅनियमचे आठ-आठ इंची रॉड बसवले, वरच्या टोकाला दीड इंची स्क्रू. त्यानंतर तीन दिवस अतिदक्षता विभागात, एक आठवडा वॉर्डात, सहा दिवस व्हीलचेअरवर आणि मग स्वतःच्या पायांवर.

हा तपशील हॉस्पिटलच्या कपाटातून बाहेर आलेला नाही. मोठी झाल्यावर त्या मुलीनेच तो लिहिला. ती ब्रिटनची राजकन्या युजेनी, दुसऱ्या एलिझाबेथ राणीची नात. ३० जून २०१८ रोजी, आंतरराष्ट्रीय स्कोलिओसिस जागृती दिनी, तिने आपले एक्स-रे पहिल्यांदा इन्स्टाग्रामवर टाकले. साडेतीन महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०१८ला, विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये तिचं लग्न झालं. पीटर पिलोट्टो आणि क्रिस्टोफर डी व्हॉस यांनी शिवलेल्या गाउनचा गळा मागून खोल होता आणि नववधूने डोक्यावरून ओढणीही घेतली नव्हती. मानेखालून दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यांच्या पात्यांच्या, मधून उतरणारा व्रण दिसावा, हीच तिची इच्छा होती, आणि हे तिने लग्नाआधीच्या मुलाखतीत बोलूनही दाखवलं.

हे प्रकरण घेण्याचं कारण राजघराणं नाही. रुग्णांच्या पाठीचे फोटो वैद्यकीय फाइलमध्ये राहतात, आणि रुग्ण अल्पवयीन असल्यावर ते तिथेच राहायला हवेत. परिणामी सगळीकडे फिरतात ते एक्स-रे. एका बाजूला वाकडा कणा, दुसऱ्या बाजूला दोन पांढऱ्याशुभ्र सळयांमधला ताठ कणा. तो जोडफोटो पाहून आईवडील मनाशी धरून चालतात की एक्स-रे सरळ झाला म्हणजे पाठ सरळ झाली. तसं होत नाही. कण्याचे अंश जेवढे उतरतात तेवढी पाठ सुधारत नाही. पाठीचा काही भाग लगेच बदलतो, काही भाग वर्ष-दोन वर्षं सावकाश बदलत राहतो आणि काही भाग आहे तसाच राहतो. मुलगी आरशात पाहते ती ही पाठ. कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, तिला आरशात दिसत नाही.

ऑपरेशनच्या आधीची पाठ

कणा डावी-उजवीकडे झुकतो एवढंच स्कोलिओसिसबद्दल सहसा सांगितलं जातं. प्रत्यक्षात मणके बाजूला सरकता सरकता स्वतःभोवती पिळलेही जातात. वयात येताना सगळ्यात जास्त आढळतो तो छातीच्या भागातला, उजवीकडे फुगलेला बाक. त्यात मणक्यांचे पुढचे ठोकळे उजवीकडे वळतात आणि त्यांना जोडलेल्या उजव्या बरगड्या मागे रेटल्या जातात. उजवा फरा पाठीतून वर आल्यासारखा दिसतो, खांद्यांची पातळी बिघडते, कमरेची एक खोबण खोल होते आणि दुसरी जवळपास पुसली जाते. डाव्या बरगड्या पुढे येतात, त्यामुळे छातीही पुढून असमान दिसते. बारा-तेरा वर्षांची मुलगी हे शेवटचं कुणाजवळ बोलत नाही.

पाठीवरून बोट फिरवलं की जी हाडाची टोकं लागतात ती मणक्यांची मागची शेपटं. पीळ असा पडतो की ठोकळा बाकाच्या बाहेरच्या अंगाला जातो आणि शेपूट आतल्या अंगाला वळतं. म्हणून त्वचेवरून दिसणारी मधली रेघ एक्स-रेमधल्या कण्यापेक्षा कितीतरी सरळ वाटते. एक्स-रे पाहून आई हबकते, ‘एवढं वाकडं होतं आणि आम्हाला कळलंच नाही?’ यात तिचा निष्काळजीपणा नसतो. त्यात हे वय असं की मुलगी एकटी आंघोळ करू लागलेली असते आणि तिची उघडी पाठ घरात कुणी पाहत नाही. कित्येकदा पहिली शंका शिंप्याला येते, कारण एका बाजूचं माप जुळत नाही.

पाठ तपासायची सगळ्यात सोपी रीत लंडनच्या विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये लिहून ठेवली, आणि ती अजूनही बदललेली नाही. मुलीने पावलं जुळवून, गुडघे न वाकवता, तळहात जोडून पुढे वाकायचं. सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन अर्ध्यात थांबवावं, तेवढंच. तपासणाऱ्याने मागून, पाठीच्या पातळीला डोळे आणून पाहायचं. पीळ असेल तर एका बाजूच्या बरगड्या उंच दिसतात. त्या उंचवट्यावर स्कोलिओमीटर नावाची छोटी पातळीपट्टी ठेवतात. ५ ते ७ अंशांच्या पुढे गेलं की एक्स-रे काढायचा. उभं राहिल्यावर दबलेलं सगळं वाकल्यावर उघडं पडतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, लग्नाच्या फोटोंकडे पाहताना ती कामाला येईल.

एक्स-रेवरचं माप वेगळं. अमेरिकी डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ती पद्धत मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सगळ्यात तिरके असलेले दोन मणके घ्यायचे आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. १० अंशांपासून स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ अंशांपासून, वाढ शिल्लक असेल तर, पट्टा म्हणजे ब्रेस देतात. ४५ ते ५० अंशांच्या पुढे ऑपरेशनची चर्चा सुरू होते, कारण ५० अंशांवरचा बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला अंशभर पुढे सरकत राहू शकतो. आणि दप्तराचं ओझं, पोक काढून बसणं किंवा एका खांद्यावर पिशवी घेणं यांनी स्कोलिओसिस होत नाही. हे लिहिण्याची गरज पडते, कारण निदानाच्या दिवशी घरात पहिली तोफ दप्तरावर आणि दुसरी मुलीच्या बसण्यावर डागली जाते.

टेबलावर

मुलीला पालथं झोपवतात. पाठीच्या मध्यावर उभा छेद देऊन स्नायू दोन्ही बाजूंना सरकवतात आणि मणक्यांच्या कमानी उघड्या करतात. मणक्यांमधले छोटे सांधे काढून टाकतात, म्हणजे ताठरलेला कणा हलू लागतो. मग स्क्रू. प्रत्येक मणक्याची मागची कमान पुढच्या ठोकळ्याला दोन आखूड, जाड हाडांनी जोडलेली असते. लहान मुलींच्या छातीच्या भागात ही हाडं जेमतेम काही मिलीमीटर रुंद असतात आणि लगतच मज्जारज्जू असतो. युजेनीने सांगितलेले दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलीमीटर. एवढा स्क्रू मागून या हाडातून जात ठोकळ्यात खोलवर रुततो, म्हणून मणका पुढून-मागून पकडीत येतो. रॉड आधी हव्या त्या वळणात वाकवून घेतात, स्क्रूंच्या डोक्यांत बसवतात, आणि कण्याला त्या रॉडकडे ओढून आणतात. सगळ्यात शेवटी हाडाचा चुरा पसरतात. पुढच्या महिन्यांत तो जुळून आला की तेवढे मणके मिळून एकच हाड होतं. रॉडचं काम ते जुळेपर्यंत कण्याला धरून ठेवण्याचं. लोकांना वाटतं आयुष्यभर भार धातू पेलतो, पण तो पेलतं हाड. धातू मात्र सहसा आतच राहू देतात.

आठ तास नेमके कशात जातात असं नातेवाईक बाहेर बसून विचारत असतात. बराच वेळ स्क्रूंच्या जागा शोधण्यात आणि मज्जारज्जूचे विद्युतसंदेश तपासत राहण्यात जातो. कणा ताणताना संदेश मंदावले तर तिथेच हात थांबवून ताण सैल करतात. पायांतली ताकद जाण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी आहे, तो याच पहाऱ्यामुळे.

पाठीच्या आकाराचा प्रश्न सुरू होतो तो ओढण्याच्या पद्धतीपासून. १९६०च्या दशकात टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांचा रॉड आला. पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी त्यांनी तो तयार केला होता. कण्याच्या दोन टोकांना हूक लावून मधला भाग ताणायचा, हे त्याचं तत्त्व. समोरून काढलेल्या एक्स-रेत बाक निम्म्याच्या आसपास उतरायचा, पण पीळ राहायचा, आणि ताणण्याच्या नादात पाठीची बाजूने दिसणारी नैसर्गिक वळणंही सपाट व्हायची. रॉड कमरेत खालपर्यंत नेला असेल तर काही जणी पुढे पन्नाशीला पोचेपर्यंत ताठ उभं राहायला गुडघे वाकवू लागल्या. एक्स-रे उत्तम आणि उभं राहणं अवघड, असा तो प्रकार. १९८४ मध्ये फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबूसे यांनी दोन रॉड आणि अनेक हूक वापरून रॉडच फिरवण्याची युक्ती आणली, म्हणजे बाजूचा बाक मागच्या बाजूच्या नैसर्गिक गोलाईत वळवायचा. मग छातीच्या भागातही स्क्रू आले आणि एकेक मणका पकडून उलटा फिरवणं शक्य झालं. युजेनीचं ऑपरेशन झालं तो काळ हूक मागे पडून स्क्रू रुळण्याचा. आज समोरच्या एक्स-रेतला बाक साधारण दोन तृतीयांश उतरवता येतो.

काय बदलतं, काय उरतं

लगेच दिसणारा बदल म्हणजे उंची. वाकलेला कणा उलगडला की दोन-तीन सेंटिमीटर एका दिवसात वाढतात. मोठा बाक असेल तर जास्तच. बाजूला कललेलं धड कमरेवर येतं, कमरेच्या खोबणी एकमेकींच्या जवळ येतात, दोन्ही हात शरीरापासून सारख्या अंतरावर लोंबू लागतात. मुलींना याचंच सगळ्यात जास्त समाधान वाटतं. कपडा अंगावर नीट बसतो.

पहिल्या काही आठवड्यांत एक विचित्र गोष्ट घडते. मुलगी सरळ उभी असते आणि तिला आपण एका बाजूला पडतोय असं वाटत राहतं. मेंदूने कित्येक वर्षं वाकड्या कण्यालाच सरळ मानलेलं असतं. आरशासमोर उभं करून दाखवलं की ती चकित होते, मिनिटभराने आरशापासून दूर गेली की पुन्हा जुन्या बाजूला झुकते. ही सवय मोडायला काही महिने जातात. तोवर आजी-काकूंनी ‘अजून वाकडीच दिसते गं’ म्हणू नये, एवढं तरी घरच्यांनी सांभाळावं. सूज आणि वेदना असतानाची पाठ म्हणजे अंतिम निकाल नव्हे. पाठीचं खरं रूप वर्षाने, नीट सांगायचं तर दोन वर्षांनी कळतं.

खांद्यांचं गणित जास्त नाजूक. उजव्या बाकात ऑपरेशनच्या आधी बहुधा उजवा खांदा वर असतो. मुख्य बाकाच्या वर, मानेच्या पायथ्याशी, उलट दिशेचा एक छोटा बाक असतो. तो ताठ असेल आणि सर्जनने खालचा मोठा बाक जरा जास्तच सरळ केला तर डावा खांदा उचलला जातो. एक्स-रे सुरेख, आणि मुलगी विचारते, ‘आता हा खांदा का वर गेला?’ म्हणून रॉड छातीच्या दुसऱ्या मणक्यापासून सुरू करायचा की चौथ्यापासून, यावर सर्जन एवढा विचार करतात. कधी कधी मुख्य बाक मुद्दाम थोडा ठेवतात. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पूर्ण सरळ कण्यापेक्षा समतोल पाठ बरी. पण डिस्चार्जच्या वेळी एक्स-रे हातात पडल्यावर उरलेला बाक पाहून काही पालक नाराज होतात, कारण आधी हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

आता बरगड्यांचा उंचवटा. सगळी निराशा इथे जमा होते. कण्याचा बाक दोन तृतीयांश उतरला तरी उंचवटा निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी उतरतो, आणि उतरलेल्यातला थोडा भाग पहिल्या दोन वर्षांत परत येऊ शकतो. कारण साधं आहे. मणका उलटा फिरवला तरी त्याला जोडलेली बरगडी वाढीच्या वर्षांत वाकडीच घडलेली असते. उजवीकडच्या बरगडीला मागे टोकदार कोन आलेला असतो, डावीकडची सपाट झालेली असते. मणका फिरवल्याने बरगडीची जागा बदलते, घडण बदलत नाही. उंचवटा खूपच मोठा असेल तर काही बरगड्यांचे छोटे तुकडे काढून घेतात. बरगडी पुढे पुन्हा भरून येते आणि काढलेलं हाड कण्यात कलम म्हणून वापरता येतं. याची किंमत फुप्फुसं मोजतात. श्वासाची क्षमता पहिले काही महिने घटते आणि सावरायला दोनेक वर्षं लागू शकतात. दिसण्यासाठी एवढं करावं का, हे मुलीला विचारल्याशिवाय ठरवू नये. काही मुलींना उंचवट्याचं काही वाटत नाही, काहींना त्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

बाजूने पाहिलेली पाठ मात्र कुणी विचारत नाही. या आजारात छातीच्या भागातली नैसर्गिक गोलाई मुळातच कमी झालेली असते. बरगड्यांचा उंचवटा कुबडासारखा भासतो, पण खाली कणा सपाट किंवा उलट आत गेलेला असतो. ऑपरेशनमध्ये ही गोलाई परत आणली नाही तर पाठ पाटासारखी सपाट राहते, मान पुढे येते. पुढे वाकलं की जोडलेला भाग एकसंध खाली येतो, मणक्यांची साखळी उलगडत नाही. छातीच्या भागात हालचाल मुळात कमी, त्यामुळे रोजच्या कामांत याचा जाच होत नाही. कमरेतले मणके जोडावे लागले तर मोजा घालणं, जमिनीवर बसून वाढणं, नाचणं यांत फरक जाणवतो.

पाठीचा हा आकार मोजायला एक्स-रे अपुरा आहे हे डॉक्टरांनाही कळलेलं होतं. म्हणून १९८०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये ‘आयसिस’ नावाची यंत्रणा तयार झाली. उघड्या पाठीवर प्रकाशाच्या रेघा टाकायच्या, त्या कुठे किती वाकतात ते कॅमेऱ्याने टिपायचं आणि त्यावरून पाठीचा नकाशा काढायचा. क्ष-किरण नाहीत, त्यामुळे वाढत्या मुलीची पाठ पुन्हा पुन्हा मोजता येते. अशा नकाशांतून निघालेली गोष्ट मुलींना आधीच ठाऊक होती, की अंश आणि उंचवटा हातात हात घालून चालत नाहीत. स्कोलिओसिसच्या रुग्णांसाठीची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात वेदना, हालचाल, मनःस्थिती, समाधान आणि ‘मी कशी दिसते’ असे विभाग आहेत. ऑपरेशननंतर सगळ्यात ठळक सुधारणा शेवटच्या विभागात दिसते. म्हणजे ‘दिसण्यासाठी कशाला एवढं मोठं ऑपरेशन’ हा टोमणा चुकीचा आहे. आकार सुधारणं हे या ऑपरेशनचं फळ आहेच, बाक वाढू न देणं हे दुसरं.

बारावं वर्ष

युजेनीच्या प्रकरणात वय फार महत्त्वाचं आहे. बारा वर्षांच्या मुलीची वाढ संपलेली नसते. पाळी सुरू झाल्यावरही साधारण दोन वर्षं उंची वाढते. जोडलेले मणके पुढे वाढत नाहीत, म्हणून पालकांचा पहिला प्रश्न, ‘मुलगी बुटकी राहील का?’ याचा एक ढोबळ हिशेब आहे. जोडलेला प्रत्येक मणका वर्षाला सुमारे ०.०७ सेंटिमीटर वाढला असता. समजा दहा मणके जोडले आणि तीन वर्षं वाढ शिल्लक आहे, तर गमावलेली उंची २.१ सेंटिमीटर. कणा उलगडल्याने मिळालेली उंची जवळपास तेवढीच. पाय तर वाढतच राहतात. म्हणजे या भीतीत फारसा दम नाही.

खरी काळजी वेगळी. मागून मणके जोडले आणि पुढचे ठोकळे वाढत राहिले तर वाढीला सरळ वाट मिळत नाही, कणा जोडलेल्या भागाभोवती पुन्हा पिळू लागतो आणि उंचवटा परत येतो. द्युबूसे यांनीच १९८९ मध्ये हे दाखवून दिलं. ठोकळ्यापर्यंत पोचणारे स्क्रू आल्यापासून हे प्रमाण घटलं. तरीही दहा-अकरा वर्षांच्या मुलीत सर्जन शक्य तेवढं थांबतात, पट्टा देतात किंवा वाढणारे रॉड घालतात. मात्र थांबणंही फुकट नसतं. वाढीच्या उसळीत बाक महिन्यागणिक वाढू शकतो, ताठ होतो, बरगड्यांची घडण आणखी बिघडते, आणि ती घडणच तर ऑपरेशनने सुधारत नाही.

पट्ट्याबद्दल इथेच सांगायला हवं. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या खाली राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. दिवसाला १८ तास वापरायला सांगितलं होतं, आणि जितके तास जास्त तितका उपयोग जास्त. आपल्या उकाड्यात प्लॅस्टिकचा तो कवचासारखा पट्टा घालून शाळेत बसणं सोपं नाही, हे मान्य. पण वेळेत निदान झालं तरच तो पर्याय उरतो.

गाउनच्या आतलं

आता त्या फोटोंकडे. मागून काढलेल्या छायाचित्रांत युजेनीचा व्रण दिसतो, मानेचा आणि डोक्याचा तोल दिसतो, चाल दिसते. सोळा वर्षांपूर्वी झालेलं काम टिकलंय, एवढं त्यावरून म्हणता येईल. बरगड्यांचा उंचवटा किती उरला हे त्यावरून सांगता येत नाही. मापाने बेतलेला, आतून घट्ट बांधलेला गाउन असमानता झाकतो आणि उभ्या स्थितीत ती आधीच दबलेली असते. ‘बघा, राजकन्येची पाठ कशी सरळ झाली’ असं कुणी तो फोटो दाखवून सांगितलं तर त्याला पादहस्तासनाची आठवण करून द्यावी.

कपड्याने पाठ झाकण्याचं याच राजगादीवर एक जुनं उदाहरण आहे. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला तिसरा रिचर्ड. नाटकांनी त्याला कुबडा राजा करून ठेवलं. २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका पार्किंगच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात कण्याचा अभ्यास छापून आला. उजवीकडे बाक, कोन ६५ ते ८५ अंशांच्या दरम्यान, वयात येताना सुरू झालेला. कुबड नव्हतंच. चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर हा बाक फारसा जाणवला नसता, असं त्या अभ्यासकांनीही लिहिलं. एवढा मोठा बाक घेऊन तो माणूस घोड्यावर बसून लढला, हे त्याला कुबडा म्हणणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

व्रण, आणि आपल्याकडची पाठ

व्रण पाठीच्या आकाराचाच भाग आहे, तरी ऑपरेशनच्या आधीच्या चर्चेत तो शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात. फऱ्यांच्या मधली त्वचा सतत ताणली जाते, म्हणून वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद होतो. पहिलं वर्षभर व्रण लालसर, जाड असतो, मग फिकट होत जातो. गोऱ्या त्वचेवर फिकट झाला की तो बराचसा विरून जातो. आपल्या सावळ्या त्वचेवर तो बराच काळ गडद राहू शकतो आणि जाड, उचललेला व्रण होण्याची शक्यताही जास्त असते. घरात कुणाला कान टोचल्यावर किंवा लस दिल्यावर अशी गाठ झाली असेल तर सर्जनला आधी सांगावं. सिलिकॉनची पट्टी आणि वर्षभर उन्हापासून जपणूक यांचा उपयोग होतो.

युजेनीने तो व्रण जगाला दाखवला म्हणून प्रत्येक मुलीने दाखवावा असं नाही. तिच्या दिमतीला दोन डिझायनर होते. आपल्याकडे हा विषय ‘ब्लाउजचा गळा’ आणि ‘मुलाकडच्यांना काय सांगायचं’ इथे येऊन थांबतो, आणि दोन्ही प्रश्न मुलगी सोडून बाकी सगळे विचारतात. व्रण झाकायचा की नाही हा तिचा प्रश्न आहे, तिला तो पंधराव्या वर्षी एक वाटेल आणि पंचविसाव्या वर्षी दुसरा.

सर्जनशी बोलताना अंशांचा प्रश्न विचाराच, पण तिथेच थांबू नका. उंचवटा किती उरेल, खांदे कुठे येतील, रॉड कुठून कुठपर्यंत, कमरेतले किती मणके मोकळे राहतील, बाजूने पाठ कशी दिसेल, हे स्पष्ट विचारावं. ऑपरेशनच्या आधी पाठीचे चार फोटो, मागून उभं, बाजूने, पुढून आणि पुढे वाकलेलं, मुलीच्या संमतीने तिच्याच फोनमध्ये काढून ठेवावेत. दोन वर्षांनी तेच फोटो पुन्हा काढले की काय बदललं ते तिला स्वतःला पाहता येतं. आठवणीवर भरवसा ठेवला तर आधीची पाठ तिच्या मनात असते त्याहून बरी तरी वाटते किंवा वाईट तरी.

युजेनीला २०२१ मध्ये आणि २०२३ मध्ये मुलगे झाले. मुलीच्या ऑपरेशनला होकार देताना आपल्याकडे आजी हमखास विचारते तो प्रश्न हाच. मणके जोडलेल्या स्त्रियांना गर्भधारणा आणि नैसर्गिक प्रसूती दोन्ही होऊ शकतात. अडचण येते ती भूल देताना. कमरेतली सुई ज्या फटीतून जाते ती फट हाडाने बुजलेली असू शकते. रॉड छातीपुरता असेल तर बहुधा प्रश्न येत नाही. कमरेत खाली गेला असेल तर भूलतज्ज्ञाला दुसरी तयारी ठेवावी लागते. त्या दिवशी बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा सर्जन समोर नसतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पहिला आणि शेवटचा जोडलेला मणका कोणता, रॉड कोणत्या धातूचा, हे लिहून घ्यावं आणि शेवटच्या एक्स-रेची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवावी. टायटॅनियम असेल तर एमआरआय करता येतो, फक्त रॉडच्या लगतचा भाग धूसर येतो.